पेंडीच्या पोत्यावर आमची श्रीदेवी

...आन् वर मलाच विचारत्यात, हणमंतप्पा, वाचलं नव्हतं का? न्हाय वाचलं. झालं समाधान? अख्ख्या सास्तुरात, आन् लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत, ज्याला भेटावं तो आधी हेच विचारतो. तुमाला सांगतो, मी मेल्यावर खांदा द्यायला येणारा बी तिरडीपाशी वाकून विचारील, आप्पा, वाचलं होतं का? बसा, धुरपदाबाई, ती ज्वारीची पाटी ठेवा खाली, लाईट गेलीय, ती काय लवकर येत न्हाय, आन् लाईट न्हाय तर गिरणी न्हाय, आन् गिरणीचा खडखडाट न्हाय म्हंजे मला बोलायला मोकळीक. एरवी ह्या आवाजात माझं ऐकतंय कोण? घरात तर आवाज नसला तरी कोण ऐकत न्हाय.

हे पाव्हणे परगावचे दिसत्यात, त्यांना माहीत नसंल. आमची श्रीदेवी, माझी लेक, खो-खो खेळती. खेळती म्हंजे निसतं शाळेत खेळत्यात तसं न्हाय, टीव्हीवर खेळती. आता खो-खो म्हंजे काय, तर आठ जणी मधल्या पाटीवर बसणार, नववी मागं लागणार, ती दमली की बसलेलीला खो देणार, ती उठून मागं लागणार, आन् आमच्या पोरीनं काय करायचं? सापडायचं न्हाय. बास, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतंय ना? तुमी पळून बघा अर्धा मिनिट. आमची श्रीदेवी एकदा तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली, एकटी, नऊ जणींच्या मधनं, ह्या खांबाला हात, त्या खांबाला वळसा, आन् मी हितं टीव्हीसमोर श्वास धरून बसलेला, शेवटी नागम्मानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, पाठीत धपाटा घातला, म्हणली, तिला पळू द्या, तुमी श्वास घ्या. बाजेवरनं उठताना दोनदा विचार करणाऱ्या माणसाच्या पोटी असली पोर कशी आली हे मला अजून कळलेलं न्हाय, पण आली, आन् माझीच हाय, नाकावरनं ओळखू येती.

तर मूळ भानगड कुठं झाली? चार वर्षं झाली त्याला. श्रीदेवी तवा सतरा वर्षांची, राज्याच्या स्पर्धेत सोनं घेऊन आली, आन् शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला. सगळं गाव लोटलं. उमरग्याचे रामकिसन शेट आले, त्यांचा जनावरांच्या खाद्याचा कारखाना हाय, भरघोस पशुखाद्य नाव त्याचं. चांगला माणूस, गोड बोलतो, त्यांनी पोरीला शाल दिली, नारळ दिला, आन् दोन पोती पेंड दिली. पोरीला पेंड कशाला, असं तुमी विचाराल, तर आमच्या घरी म्हैस होती, तिचा बी सत्कार झाला म्हणायचा. आन् मग माईकवर माझं नाव घेतलं. "पालक श्री. हणमंतप्पा यांनी व्यासपीठावर यावं." पाव्हणं, मी पन्नास वर्षं ह्या गावात हाय, माझं नाव माईकवर कवाच आलेलं न्हाय, एकदा म्हैस हरवली तवा आलं होतं, पण ते म्हशीसाठी. मी वर गेलो, मला फेटा बांधला, तो फेटा असा सैल की डोळ्यावर आला, आन् त्या फेट्याखालनं मला एक कागद दिसला, शेट म्हणाले, आप्पा, पालक म्हणून हितं सही करा. मला वाटलं, शाल-नारळाची पोच असंल. केली सही. चार जागी. फोटो काढले. टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर नागम्मानं विचारलं, कशावर सही केली? म्हणलं, सत्कारावर. ती माहेरची आळंदची, राग आला की कानडीत जाती. म्हणली, "ओदीरेन्री?" म्हंजे, वाचलं का? म्हणलं, अगं, सत्कार काय वाचून घेत्यात का?

ते वाक्य मला लई महागात पडलं, बगा.

पुढं पोर मोठी झाली, पुण्याला शिबिराला गेली, आन् मग ती लीग का काय ती निघाली, त्यात संघवाल्यांनी खेळाडू विकत घ्यायचे असत्यात. एका सकाळी पेपरात आलं, सास्तूरच्या श्रीदेवीचा लिलाव. पेपरवाल्याला अक्कल नको? लिलाव म्हणल्यावर गावाला काय वाटणार? आमची शेजारची दगडाबाई पदर डोळ्याला लावून आली, नागम्माच्या गळ्यात पडली, म्हणली, अगं, असली काय येळ आली होती गं तुमच्यावर, आमाला सांगायचं होतं, आमी गल्लीतनं वर्गणी केली असती. तिला समजावता समजावता माझा जीव गेला. म्हणलं, दगडाबाई, लिलाव म्हंजे बोली, दोन संघ भांडले, एक म्हणला सहा लाख, दुसरा म्हणला सात, शेवटी हैदराबादच्या संघानं नऊ लाखाला घेतली. तर ती म्हणती, आन् परत कवा देणार? आता काय सांगायचं? हंगाम झाला की देत्यात म्हणलं. मग गप झाली, जाताना म्हणली, नऊ लाखात तर चांगली बैलजोडी येती. म्हणलं, बैलजोडीला तीन मिनिटं चाळीस सेकंद पळता येतं का?

तर नऊ लाख आले, त्याच्या मागनं बुटाची कंपनी आली. नाव घ्यायचं न्हाय मला. खरंच न्हाय, करारात हाय तसं, घरच्यांनी कंपनीचं नाव परस्पर कुठं वापरायचं न्हाय. मोठी कंपनी, दिल्लीकडची. दोन वर्षांचे बारा लाख, त्यातले चार आधी, बाकीचे हप्त्यानं, आन् पोरीनं काय करायचं तर त्यांचे बूट घालून पळायचं. अकरा पानांचा करार आला. आन् हितं बगा माझ्यातला आन् पोरीतला फरक. म्या चार सह्या फेट्याखालनं केल्या, आन् तिनं त्या ओट्यावर बसून, ह्याच, धुरपदाबाई तुमी बसलाय त्याच, दोन दिवस तो करार वाचला. हातात वही. इंग्रजी शब्द अडला की कॉलेजच्या मॅडमना फोन. आन् तिसऱ्या दिवशी कंपनीला म्हणली, सातवं कलम बदला, मला सरावात मार लागला तर तुमी पैसे थांबवणार म्हणताय, ते चालणार न्हाय, पाय माझे तुमच्यासाठीच पळत असताना मोडले तर तुमी निम्मे तरी द्या. म्या लगेच म्हणलं, पोरी, बारा लाख हायत, कशाला खुसपट काढती? तर कंपनीचा माणूस, कुलदीप साहेब नाव, पुण्यात असतो, तो म्हणला, आजपर्यंत एका खेळाडूनं हे विचारलं न्हाय. आन् बदललं. कलम बदललं पाव्हणं, दिल्लीवाल्यांनी, सास्तूरच्या गिरणीच्या ओट्यावरनं सांगितलं म्हणून. मला त्या दिवशी तीन मिनिटं चाळीस सेकंदापेक्षा जास्त अभिमान वाटला, पण बोललो न्हाय, बापानं सगळं बोलायचं नसतं... म्हंजे, तुमाला सांगतोय ते वेगळं.

त्याच करारात नववं कलम होतं. दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याच मालाच्या जाहिरातीत दिसायचं न्हाय. पोरीनं त्याच्याखाली रेघ मारली, म्हणली, आप्पा, आपलं असं कुठं काय न्हाय ना? म्हणलं, छ्या.

सहा महिने झाले. मी आपला चक्कीच्या दगडाला टाकी लावणारा आणायला उमरग्याला चाललो होतो, हमरस्त्याच्या चौकात एसटी थांबली, आन् खिडकीतनं बगतो तर काय? दोन मजली बोर्ड. त्यावर आमची श्रीदेवी सूर मारतीय, आडवी, दोन्ही हात पुढं, आन् तिच्या म्होरं एक म्हैस. म्हंजे बघणाऱ्याला वाटावं की पोरगी म्हैस धरायला झेपावलीय आन् म्हशीला त्याचं काय न्हाय. वर मोठ्या अक्षरात, भरघोस पशुखाद्य, अंगात चपळाई, दुधावर मलई. आता मला सांगा, बापाला काय वाटावं? मला रडू आलं. खरं सांगतो, आनंदानं. एवढी मोठी पोरगी! मी एसटीतनं उतरलो, बोर्डाखाली उभा राहिलो, फोटो काढून घेतला, आन् ज्याचा ज्याचा नंबर फोनात होता त्याला त्याला पाठवला. सोयऱ्यांना, पंचायतीला, चक्कीचा पट्टा देणाऱ्याला... आन् कुलदीप साहेबाला.

व्हय, म्याच पाठवला. वर लिहिलं, आपली श्रीदेवी.

आठ दिवसांत नोटीस. कलम नऊ मोडलं, दिलेले चार लाख परत करा, वर दंड, न्हायतर कोर्टात या. मी भरघोसवाल्यांना फोन लावला, म्हणलं, शेट, हे काय केलंत? ते म्हणाले, आप्पा, दहा वर्षांचा करार हाय आपला, तुमची सही हाय चार जागी, विसरलात का? मी फोन ठेवला. नागम्मा समोर उभी. तिनं काय विचारलं असंल ते मी सांगायची गरज हाय का? तेच, कानडीत.

श्रीदेवी शिबिरातनं आली. मी दोन दिवस मनात जुळवाजुळव केलेली, आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं. ती जेवायला बसली, म्या सगळं सांगून टाकलं, फेट्यासकट. तिनं भाकरी खाल्ली, ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणलं, पोरी, मी गिरणी विकतो, चार लाख भरून टाकतो, तुझ्यावर ठपका नको. तवा कुठं बोलली. म्हणली, "गिरणी विकून काय करणार आप्पा? दिवसभर घरात बसून बोलणार? आईचा काय विचार हाय का न्हाय?" आन् आतनं नागम्मा म्हणली, गिरणी विकायची न्हाय. मायलेकींचं एकमत एवढ्या लवकर झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सोमवारी उमरग्याला शेटच्या कारखान्यात बैठक ठरली. मोटारसायकल श्रीदेवी चालवत होती, मी मागं. शेटची कचेरी, सगळीकडं पेंडीचा वास, भिंतीला टेकून नवी कोरी पोती, प्रत्येक पोत्यावर आमची पोर. शंभर श्रीदेव्या माझ्याकडं बघत होत्या आन् एक खरी बघत नव्हती. कुलदीप साहेब पुण्याहून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. तो आधी गोड बोलला. म्हणला, मॅडम, आम्हाला तुमच्याशी भांडायचं नाहीये, यातून सोपा मार्ग आहे. तेव्हा तुम्ही सतरा वर्षांच्या होतात. वडिलांनी तुम्हाला न सांगता, फसवून, स्वतःच्या फायद्यासाठी सही केली, असं तुम्ही प्रतिज्ञापत्र करून द्या. तो कागद रद्द होईल, तुमचं नाव स्वच्छ राहील, आमचा करार चालू राहील. कागद त्यानं टाईप करूनच आणला होता. सरकवला पुढं. वर पेन ठेवला.

पाव्हणं, मी त्या पेनाकडं बघत होतो. आन् खरं सांगू का, मला वाटलं, करावी तिनं सही. बारा लाख, तिचं आयुष्य, आन् माझं काय, मी गिरणीवाला, मला कोण विचारतंय? म्या म्हणलं सुदिक, कर पोरी, माझी काय हरकत न्हाय. ती माझ्याकडं न बघताच बोलली, आवाज चढवला न्हाय, काय न्हाय.

"साहेब, माझ्या वडिलांनी वाचलं न्हाय हे खरं हाय. फसवलं हे खोटं हाय. मी खोट्यावर सही करणार न्हाय. चार लाख परत देते, हप्ते बांधून द्या."

शेटनी चहा मागवला, त्यांना दुसरं काय सुचंना म्हणून. कुलदीप साहेब म्हणला, मॅडम, विचार करा, तुमचं नुकसान होईल. ती म्हणली, केलाय. आन् मग शेटकडं वळली. म्हणली, शेट, तो आमचा कागद दाखवता का? मी तो अजून बघितलाच न्हाय.

शेटनी खुशाल काढून दिला, त्यांना काय भीती? स्टॅम्पपेपर, चार पानं, बारीक टाईप. तिनं वाचायला घेतला. आन् वाचतीच हाय. पहिलं पान. दुसरं पान. चहा आला, साय धरली, पोरगी मान वर करंना. कुलदीप साहेबानं घड्याळ बघितलं दोनदा, शेट म्हणले, अगं बाई, त्यात काय न्हाय, नेहमीचंच असतं. ती म्हणली, व्हय व्हय, होतंच आलंय. एका ओळीवर बोट ठेवून थांबायची, परत मागच्या पानावर जायची. मी आपला पोती मोजत बसलो. आन् तिसऱ्या पानाच्या मधोमध तिचं बोट थांबलं, ते हाललंच न्हाय.

म्हणली, शेट, तुमी हे वाचलंय का?

शेट म्हणले, म्हंजे काय?

तिनं मोठ्यानं वाचलं. सदर फोटोच्या वापराबद्दल कंपनीनं दरमहा दोन पोती पशुखाद्य घरपोच द्यायचं, आन् सलग तीन महिने ते दिलं न्हाय तर करार आपोआप संपला असं समजायचं. मग माझ्याकडं वळली, "आप्पा, सत्काराच्या दोन पोत्यांनंतर आपल्याकडं किती पोती आली?" म्हणलं, पोरी, पोतं सोड, रिकामी पिशवी आलेली न्हाय. ती म्हणली, मग शेट, हा करार मी अठरा वर्षांची व्हायच्या आतच मेलाय. तुमी मेलेल्या करारावर माझा फोटो छापताय.

शेटनी कागद घेतला. चष्मा लावला. वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. मग कळलं काय झालं होतं. कोर्टासमोर टायपिंगवाला बसतो, त्याला शेटनी सांगितलं होतं, एक करार करून दे. त्यानं जुना कुठला तरी दूध डेअरीचा करार समोर ठेवून नावं बदलून दिला. शेटनी वाचलाच न्हाय. म्हंजे बगा, लिहिणाऱ्यानं वाचला न्हाय, देणाऱ्यानं वाचला न्हाय, घेणाऱ्यानं वाचला न्हाय, आन् लोक मात्र मला एकट्याला विचारतायत, आप्पा, वाचलं का?

कुलदीप साहेबाची कळी अशी खुलली म्हणता. लगेच म्हणला, मॅडम, आमची नोटीस मागे घेतो, आता आपणच यांच्यावर दावा टाकू. श्रीदेवी म्हणली, न्हाय, ह्यांनी माझ्या पहिल्या सोन्याला शाल घातली होती, तवा तुमची कंपनी कुठं होती? बोर्ड उतरवा शेट, पोत्यावरचा फोटो काढा, बाकी माझं काय म्हणणं न्हाय. शेट उठले, तिच्यापुढं हात जोडले, जोडायला नको होते एवढ्या मोठ्या माणसानं, पण जोडले. म्हणले, छापलेली चौदा हजार पोती हायत, त्यांचं काय करू? ती म्हणली, माझ्या तोंडावर म्हशीचं तोंड चिकटवा. तसंच केलं. आजबी बाजारात बगा, धडाला खो-खोचा ड्रेस, वर म्हैस, आन् सूर मारतीय. तुमाला सांगतो, त्या पोत्याचा खप वाढलाय.

परत येताना पोरीनं सास्तूरच्या अलीकडं गाडी थांबवली, म्हणली, आप्पा, उतरा. उतरलो. बघतो तर पोरगी गाडी स्टँडला लावून रस्त्याच्या कडंला धुळीतच बसली. म्हणलं, काय झालं? म्हणली, "पहिल्या दोन पानांत काहीच सापडलं नव्हतं आप्पा. मी निसता वेळ काढत होते." आन् हसायला लागली, आन् हसता हसता रडायला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वेळ काढणं! अहो, तोच तर तिचा खेळ. नऊ जणी मागं लागलेल्या असताना घाबरायचं न्हाय, पळायचं, वळायचं, सापडायचं न्हाय, घड्याळ आपल्या बाजूनं सरकू द्यायचं. मैदानात करती तेच तिनं खुर्चीत बसून केलं, आन् म्या समोर बसून बघितलं, टीव्हीवर न्हाय. मला काय बोलता येईना. मला, पाव्हणं, मला बोलता येईना, एवढ्यावरनं समजा. बाजूला उसाच्या रसाचा गाडा होता, दोन गिलास घेतले, बर्फ न टाकता, तिच्या घशाला चालत न्हाय.

ह्या वर्षी कंपनीनं नवा करार दिला, बावीस लाखांचा. पोरीनं पहिल्यासारखाच वाचला, आता तर चार कलमं बदलून घेतली, त्यांचे वकील आता तिच्या फोनला घाबरत्यात म्हणं. पण एक कलम त्यांनी काय केल्या सोडलं न्हाय. बोर्डाच्या त्या फोटोचा धसका घेतलाय त्यांनी. काय म्हणे, खेळाडूच्या घरच्या माणसांनी लोकांत दुसऱ्या कंपनीचं पायताण घालून फोटोत दिसायचं न्हाय. मग त्यांनीच आमाला दोन दोन जोड पाठवले, पांढरेशुभ्र, फुग्यासारखे. नागम्मा ते घालून अणदूरच्या खंडोबाला जाऊन आली, लुगड्याखाली बूट, आन् एवढी झपाझप चालली की मला म्हणती, मी उगं एवढी वर्षं चपलीत घालवली. पण मला ते जमंना. पिठात पाय घसरतो, बोटांना घाम येतो, धोतर त्यात अडकतं. म्हणून मी गिरणीत आपली जुनी चप्पलच घालतो, गुपचूप. ते पोरीला सांगू नका.

काय म्हणालात पाव्हणं? श्रीदेवीच्या बापाबरोबर सेल्फी पायजे? काढा की, काढा, त्यात काय एवढं. ह्या वर्षी तुमी एकशे बारावे... पण कमरेच्या वरचाच काढा.